डिंक ओला असेपर्यंत

घर बदलताना लोक काचसामान जपतात. मी कपट्यांचा खोका जपते. खोक्यात भिंतीवरून सोललेल्या कागदाचा तुकडा असतो, विटलेल्या पडद्याची काठ असते, कुठल्याच कुलपाला न लागणारी किल्ली असते. आणि माझ्याच नावाची रिकामी पाकिटं. त्यांवरचा जुना पत्ता कुणीतरी आडव्या रेघेने खोडलेला असतो आणि शेजारी तिरक्या अक्षरात नवा लिहिलेला. नाव मात्र तेच. हे सगळं पुठ्ठ्यावर चिकटवायचं, वर थोडा रंग, थोडी शिलाई. याला मिश्र माध्यम म्हणतात. घरचे अजूनही पसारा म्हणतात.

पिकासोनं 1912 साली वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोर लावला. म्हणजे वेत खरा नाही, कापड खरं, आणि दोर तर अगदीच खरा. विणीतला प्रत्येक धागा रंगवत बसण्याचा कंटाळाही त्यामागे असावा, असा माझा एक संशय. त्यामुळे ते चित्र मला फार जवळचं वाटतं.

पण खोका बांधताना आठवतो तो जर्मन चित्रकार कुर्ट श्विटर्स. तिकिटं, वेष्टनं, फळकुटं, रस्त्यावर पडलेलं काहीही तो उचलायचा. ‘कोमर्त्स’ (व्यापार) या छापील जर्मन शब्दाचा ‘मर्त्स’ एवढाच तुकडा एका चित्रात उरला आणि तेच त्याच्या सगळ्या कामाचं नाव झालं. हानोव्हरच्या राहत्या घरात त्यानं अशाच वस्तूंची एक रचना उभारायला घेतली आणि ती वर्षानुवर्षं वाढत गेली. (घरातल्यांचं काय म्हणणं होतं, हे मला फार ऐकायचं आहे.) 1937 साली नाझींमुळे त्याला नॉर्वे गाठावं लागलं. तिथे त्यानं दुसरी रचना सुरू केली. 1940 मध्ये जर्मन फौजा तिथेही आल्या, तेव्हा तो ब्रिटनला पोचला आणि तिथे शत्रुदेशाचा माणूस म्हणून छावणीत अडकला. प्लास्टर नव्हतं, म्हणून लापशीचे पुतळे केले. त्यांना बुरशी आली. 1943 च्या बॉम्बहल्ल्यात हानोव्हरचं घर गेलं. 1947 मध्ये इंग्लंडमधल्या एका दगडी कोठारात त्यानं तिसऱ्यांदा भिंत लिंपायला घेतली. 7 जानेवारी 1948 ला ब्रिटिश नागरिकत्व मंजूर झाल्याचं कळलं आणि 8 तारखेला तो गेला. भिंत अर्धीच राहिली.

हानोव्हरची नक्कल त्यानं पुढे कुठेच केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. जिथे जे हाती लागलं, त्याचंच घर. मी मात्र कितीतरी दिवस जुनी खोली जशीच्या तशी पुठ्ठ्यावर उतरवू पाहत होते. खिडकी होती तिथे खिडकी, खुंटी होती तिथे खुंटी. चित्र तयार व्हायचं, पण जीव नसायचा. शेवटी एकदा चिडून सगळं खरवडलं. कागद अर्धा निघाला, अर्धा तसाच राहिला, आणि त्या खरचटलेल्या जागेत खोली दिसली. डिंक ओला असेपर्यंत कपटा सरकवता येतो. वाळल्यावर तो फाटूनच निघतो.

वर्तमानपत्राचा कागद वापरू नये म्हणतात, कारण त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या द्रव्यामुळे तो उजेडात आणि हवेत पिवळा पडतो. मी तोच वापरते. मी जशी दहा वर्षांपूर्वीची उरले नाही, तसं चित्रानं तरी का राहावं?

एक युक्ती मात्र अनुभवानं शिकले. ओला कागद वाळताना आक्रसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढून वाकवतो. म्हणून मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवायचा, म्हणजे दोन्हीकडून सारखी ओढ बसते. मागे काहीही चाललं असतं, भिंतीकडे तोंड करून कोण बघणार! पण मी तिथे नेहमी पत्ता खोडलेलं पाकीट उलगडून लावते. काल नव्या घरात पहिलं चित्र टांगताना खिळा हुकला आणि ते घसरून पालथं पडलं. उचलायला वाकले तर माझं नाव वर होतं, आणि त्याखाली खोडलेला पत्ता अजून स्वच्छ वाचता येत होता.