सोलापुरात समुद्र कुठाय?

‘‘सोलापुरात समुद्र नाही, मग तुम्हाला बीचवेअरचं खूळ कुठून लागलं?’’ प्रदर्शनात स्टॉल लावला की हा प्रश्न येतोच. वयाने मोठ्या बायका आवाज खाली आणून आणखी एक विचारतात: कपड्यांना दारूची नावं कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

समुद्र नाही, पण टॉवेल आहे. 1950-60 च्या दशकांतले युरोप-अमेरिकेच्या किनाऱ्यांवरचे फोटो बघा. सगळ्यांचं लक्ष बिकिनीकडे जातं. माझं जातं ते पाण्यातून बाहेर आल्यावर अंगावर चढवायच्या झग्यांकडे, आखूड जाकिटांकडे, पुरुषांच्या शर्ट-चड्डीच्या जोडांकडे. त्यांत टेरी, म्हणजे टॉवेलचं बारीक फासांचं (लूपचं) कापड, पुष्कळ दिसतं. 1964 च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये तर खुद्द जेम्स बाँड फिकट निळ्या टेरीचा आखूड झबल्यासारखा पोशाख घालून फिरतो. हेच कापड आमच्या पूर्व भागातल्या मागांवर निघतं. सोलापुरी चादरीसारखाच इथल्या टेरी टॉवेललाही जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे. माल घरचा, फक्त कट तिकडचा.

आमच्या शिलाईच्या मास्तरांना हे पटेना. ‘‘म्यॅडम, टॉवेलचा शर्ट? अंग पुसायचं का घालायचं?’’ त्यांचंही खरं होतं. नेहमीचा टॉवेल शर्टाला जड पडतो, लूप मशीनच्या पायात अडकतात आणि संध्याकाळपर्यंत सुईखालच्या पट्टीत कापसाची गादी साचते. म्हणून हलकं टेरी विणून घेतलं.

खरी गंमत रंगात झाली. टकीला सनराइज या कॉकटेलच्या ग्लासात ग्रेनेडाइन जड म्हणून तळाशी बसतं, वर संत्र्याचा रस. लाल, केशरी, पिवळा असा चढत जातो. तोच चढ मला शर्टावर हवा होता. आता टेरीला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (रूळ) असतात, एक ताठ आणि एक सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन धागे जरा मागे ठेवून तिसऱ्यावर फणी पुरती ठोकली की तिन्ही एकदम पुढे सरकतात आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. म्हणजे वर दिसणारा रंग ताण्याचा. बाणा कितीही बदला, तो लूपांखाली झाकला जातो. आणि ताण्यातले पट्टे पडणार उभे! शेवटी ताणाच रंगांच्या क्रमाने लावला आणि मास्तरांनी कापड आडवं टाकून कापलं. त्या शर्टावरून हात फिरवलात तर लूप खाली नाही, कडेला कलतात. जाणकार तेवढ्यावरून ओळखतो.

ग्रेनेडाइन म्हणजे मुळात डाळिंबाचा पाक. बाजारातल्या बऱ्याच बाटल्यांत आता डाळिंब नावालाही नसतं, ते सोडा. पण सांगोला-मंगळवेढ्याची डाळिंबं दारात असताना लाल रंग शेड कार्डावरून का निवडायचा? डाईंगवाल्याला सोललेलं डाळिंबच नेऊन दिलं. त्याने अर्धं खाल्लं, पण रंग बरोब्बर आणला.

निळ्याची गोष्ट वेगळी. ब्लू हवाई हे कॉकटेल 1957 मध्ये वायकीकीतल्या हॅरी यी या बारटेंडरने बनवलं. त्यातला निळेपणा ब्लू क्युरासाओ या गोड दारूचा, आणि ते चवीला असतं संत्र्याचं! असला धडधडीत खोटेपणा मला फार आवडतो. म्हणून ‘ब्लू हवाई’ नावाच्या झग्याला मिळाला तेवढा भडक निळा घेतला. तो मात्र टेरीचा नाही, चादरीच्या विणीचा आहे. जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, मोराच्या जागी कागदी छत्र्या आणि लिंबाच्या चकत्या काढल्या. सुलट बाजूला निळ्यावर पांढरी छत्री, उलट बाजूला पांढऱ्यावर निळी. दोन्हीकडून घाला. जड आहे, मे महिन्यात सोलापुरात घालू नका.

राहिला दारूच्या नावांचा प्रश्न. ब्लू हवाईत रम असते, ती होते उसाच्या मळीपासून, आणि साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात पावलोपावली. ‘‘मावशी, निम्मं कॉकटेल आपल्याच शिवारातलं आहे,’’ असं एकीला म्हणाले. त्यांनी शर्ट उलटापालटा केला, शिवण ओढून पाहिली, भावात घासाघीस केली आणि सुनेसाठी घेतला. फक्त अट घातली, पावतीवर ते नाव नको. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या मालावर ‘टकीला सनराइज’ आणि सोलापूरच्या पावतीवर ‘डाळिंबी शर्ट’ असं लिहिते. खप डाळिंबीचा जास्त आहे.