तुम्ही विचारलंत म्हणून: शेजारचे आयरिश आजोबा गावी का जात नाहीत?

लंडनला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात कार्यक्रम संपून चहा सुरू झाला की हा प्रश्न मला हमखास येतो. क्रिकलवुडमधले माझे शेजारी गणपतीला अधूनमधून सोबत येतात, कोपऱ्यात बसून मोदक चवीने खातात, म्हणून मंडळी त्यांना ओळखतात. वय 85, लग्न केलेलं नाही, इथे रक्ताचं कुणी नाही. ‘आयर्लंड तर विमानाने तासाभरावर. मग जात का नाहीत परत?’

विचारणारा धरून चालतो, की तिथे त्यांचं घर आहे.

आजोबा मेयोचे. आयर्लंडचा पश्चिम किनारा, ओली, दलदलीची, नापीक जमीन. 1845 ला बटाट्यावर रोग पडून दुष्काळ आला, त्याच्या आधी तिथेही बाप पोरांत जमीन वाटत असे. तुकडे इतके बारीक झाले होते, की बटाटा सोडून दुसऱ्या कशावर कुटुंब जगणं शक्य नव्हतं. तो कुजला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. पुढे हळूहळू रीत अशी पडली, की शेत न तोडता एकाच मुलाला द्यायचं, जमलं तर एका मुलीचं हुंडा देऊन लग्न लावायचं आणि बाकीच्यांनी बोटीत बसायचं.

आमच्या कोकणात सातबाऱ्यावर वीस-वीस नावं असतात. त्यापायी कोर्टकचेऱ्या होतात, भावाभावांत बोलणं बंद होतं, सगळं खरं. पण गिरणीतला चाकरमानी गणपतीला गावी गेला की ओटीवर पथारी पसरायला कुणाला विचारत नसे. आजोबांना तो हक्क कधी नव्हताच. शेत थोरल्या भावाचं, हे सगळ्यांना लहानपणापासून ठाऊक होतं.

1957 मध्ये सतराव्या वर्षी ते डब्लिनजवळच्या डन लीरी बंदरातून बोटीने वेल्समधल्या होलीहेडला आणि तिथून रेल्वेने लंडनला आले. त्या दशकात देश सोडलेल्यांची संख्या चार लाखांच्या घरात होती. 1961 च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या 28 लाखांवर आलेली दिसते. पहाटे क्रिकलवुडच्या क्राउन पबसमोर उभं राहायचं. मुकादम व्हॅन घेऊन यायचा, दंड बघून माणसं निवडायचा. मजुरी रोख, सरकारी विम्याचा हप्ता कुणी भरत नसे, म्हणून आज पेन्शनही तुटपुंजी. त्या मजुरीतून दर आठवड्याला आईला पैसे. असे हजारो जण पाठवत. 1961 या एका वर्षात ब्रिटनमधून आयर्लंडला गेलेली रक्कम तिथल्या सरकारच्या शिक्षणावरच्या खर्चाच्या जवळपास होती, असं सांगतात. आईचं उलट पत्र यायचं: वासरू झालं, पाऊस थांबत नाही, अमका गेला. पैशांबद्दल एकच ओळ, ‘पोचले’.

आई होती तोवर ते उन्हाळ्यात गवतकापणीला जात. ती गेल्यावर पहिल्यांदा गेले, तेव्हा वहिनीने कपाटातली सोनेरी कडेची कपबशी काढली, पाद्री आला की काढतात ती. वहिनी प्रेमळच होती, हे ते आवर्जून सांगतात. पण ज्या घराचं छप्पर आपल्या पैशांनी शाकारलं गेलं, तिथे आपण पाहुणे आहोत हे त्यांना त्या कपाने सांगितलं. पुढचे मुक्काम आखूड होत गेले.

म्हाताऱ्या स्थलांतरितांना परत नेऊन राहायला जागा मिळवून देणारी ‘सेफ होम आयर्लंड’ नावाची संस्था आहे, तीही मेयोतच, मलरनीला, 2000 पासून. मी माहितीपत्रक आणून दिलं होतं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं आणि म्हणाले, ‘तिथे मला दुकानात उधार कोण देईल?’ मला तरी हे उत्तर पटलं.

नातं तुटलंय असं मात्र समजू नका. मेयोचं ‘वेस्टर्न पीपल’ साप्ताहिक ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात. ‘आरआयपी डॉट आयई’ या संकेतस्थळावर गावोगावचे मृत्यू आणि दफनाच्या वेळा येतात. ते आम्ही दोघं रोज सकाळी बघतो. दफन दोन-तीन दिवसांत उरकतात, धावपळ करून जाणं आता त्यांना झेपत नाही. बऱ्याच चर्चमधून प्रार्थना थेट दाखवतात. बहिणीच्या वेळी टॅब्लेट मी लावून दिला. कॅमेरा मागे, उंच बसवलेला, त्यामुळे सगळ्यांच्या फक्त पाठी दिसत होत्या. आजोबा डोक्यांवरून माणसं ओळखत होते: ‘ते टक्कल पुतण्याचं. बापाचंही तिथूनच पडायला लागलं होतं.’

तेव्हा पुढच्या गणपतीला त्यांना ‘घरी कधी जाणार?’ विचारू नका, ते चहा घ्यायला उठून जातील. मेयोच्या गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा स्वतःचा खेळ) संघाबद्दल विचारा. 1951 नंतर या संघाने ऑल-आयर्लंड, म्हणजे देशाचं अजिंक्यपद, जिंकलेलं नाही, आणि प्रत्येक हरलेली फायनल कोणामुळे हरली हे आजोबांना पाठ आहे. तासभर हाताशी ठेवा.