यातलं काय संपलंय?

रविवार, रात्र

आईने विचारलं ते अगदी सहज. महिनाअखेर जागा रिकामी करून द्यायची आहे, ठाण्यातला अर्धा नौपाडा सध्या रीडेव्हलपमेंटपायी खोकी भरतोय, तसे आम्हीही. मी स्टुलावर चढून माळ्यावरचं एकेक खाली देत होते आणि ती म्हणाली, “यातलं तुझं काय काय संपलंय ते सांग, म्हणजे तेवढं देऊन टाकू.”

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय.

टोचून बोलायची तिला सवय नाही, म्हणून जास्तच लागलं. ताई बोलली असती तर दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. तिचं विशारदचं सर्टिफिकेट अजून हॉलमध्ये टांगलेलं आहे. मी तबल्याच्या प्रारंभिकवरच थांबले. बाबा तेव्हा म्हणाले होते की... जाऊ दे.

तर खाली सतरंजीवर काय काय जमलं होतं! तबला-डग्गा. पुस्तकबांधणीचं दाभण, मेण लावलेला दोरा. सुईसकट अर्धी राहिलेली क्रोशाची शाल. मोडीची वही. दुर्बीण. चाळिशीला टेकलेल्या बाईची ही कमाई, आणि ‘हे मला येतं’ असं छातीठोक सांगावं असं त्यात एकही नाही. सगळं थोडं थोडं येतं. रडूच यायचं, पण स्टूल डगमगत होतं.

जेवणं झाल्यावर शाल उचलली. सुई जिथे अडकली होती तिथूनच पुढे खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, घालायला लागले. हाताला सगळं आठवत होतं. साखळ्या मी अजूनही तीनतालात मोजते, सोळाच्या हिशेबाने. नवव्या मात्रेला ‘खाली’, म्हणजे तालातली टाळी नसलेली जागा, आली की ताणलेला दोरा आपोआप सैल सुटतो. मग तबला संपला म्हणायचं की नाही?

दुर्बिणीचंही तसंच. ऐरोलीला भरतीची वेळ साधून बोटीतून रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलो होतो, सगळे गुलाबी रंगाचे फोटो काढत होते आणि मी चोची बघत होते. गडद, काळपट लाल चोच तो धाकटा रोहित. फिकट गुलाबी चोच आणि नुसतं टोक काळं, तो मोठा. मान उलटी करून पाणी गाळत बसलेल्या त्या घोळक्यात मोठा पहिल्यांदा ओळखता आला तेव्हा जो आनंद झाला, तो पगारवाढीच्या पत्रानेही झाला नव्हता. नवऱ्याला दंडाला धरून दाखवला. हा म्हणाला, “बरं.”

मला चटक आहे ती याच क्षणाची. कालपर्यंत नुसत्या रेघोट्या होत्या त्यात आज अक्षर दिसतं. मोडीत तर आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं खाली सोडत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. (शाळेत हीच लिपी असती तर माझे बरेच मार्क वाचले असते.)

आजोबांच्या ट्रंकेतला कागद आईने पुढे केला. “वाच की, शिकलीस ना?”

“तांदूळ,” मी म्हणाले.

“आणि?”

“आणि पुढे लिहिणाऱ्याचं अक्षर वाईट आहे.”

आई हसली. मग मीही. हे बरं झालं, नाहीतर आज रात्रभर मी स्वतःची कीव करत बसले असते.

पुस्तकबांधणीवरचं पुस्तक मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणलं होतं. १८९३ पासून ते लोकांना पुस्तकं देतायत. परत करताना पुस्तक वेळेत आलं का एवढंच बघतात, पूर्ण वाचलं का ते कोणी विचारत नाही. आईला हे सांगायला हवं होतं. ऐन वेळी कधीच सुचत नाही मला.

शेवटी काहीच देऊन टाकलं नाही. भाड्याच्या घराला माळा नाही, शाल नि दाभण दिवाणात जाईल, दुर्बीण खिडकीत. तबल्याचं मात्र घरमालकाला आधी विचारून घ्यायला हवं. खालच्या मजल्यावर कोणी आजारी माणूस असेल तर दुपारचीच वेळ ठेवावी लागेल.