पावलांचा आवाज वरूनच अडवावा लागतो

वरच्या घरात खुर्ची सरकली की आमच्या दिवाणखान्यातले बोलणे क्षणभर थांबत असे. त्यावर उपाय म्हणून आम्ही छताखाली खनिज लोकर (दगडाच्या किंवा काचेच्या तंतूंचा आवाज शोषणारा थर) भरलेले फॉल्स सीलिंग करून घेतले. वरच्यांचे बोलणे त्यामुळे जवळजवळ ऐकू येईनासे झाले, परंतु टाचांचा आवाज मात्र फारसा कमी झाला नाही, आणि तो का झाला नाही हे मला पुष्कळ उशिरा समजले.

बोलण्याचा आवाज हवेतून येतो आणि तो अडवायला वजन लागते. १५० मिलिमीटर जाडीचा काँक्रीटचा स्लॅब हे काम बऱ्यापैकी करतो. पाऊल आपटले की मात्र स्लॅबच हादरतो, ते कंपन त्याला जोडलेल्या भिंतींमध्ये उतरते आणि मग छताबरोबर भिंतीही आवाज करू लागतात. त्यामुळे खालून छत कितीही झाकले तरी भिंतींची वाट उघडीच राहते.

म्हणूनच पुढे आमच्याच घराची फरशी बदलायची वेळ आली, तेव्हा खाली राहणाऱ्या कुटुंबाला हा त्रास होऊ नये म्हणून आम्ही तरंगती फरशी करायचे ठरवले. यात स्लॅबवर रबर, कॉर्क किंवा खनिज लोकर यांसारखा लवचिक थर अंथरतात, त्यावर कोबा आणि कोब्यावर फरशी येते. वरचा हा सगळा भाग स्लॅबला किंवा भिंतीला कुठेही घट्ट चिकटता कामा नये, हे यातले खरे मर्म आहे.

साहित्य निवडताना माहितीपत्रकांतील आकड्यांनी माझा बराच गोंधळ उडाला. चाचणीत प्रत्येकी ५०० ग्रॅमच्या पाच हातोड्या ४० मिलिमीटर उंचीवरून, सेकंदाला एकूण दहा वेळा, फरशीवर पडतात आणि खालच्या खोलीतला आवाज मोजला जातो. आंतरराष्ट्रीय पद्धतीत हा आकडा जितका कमी तितकी फरशी चांगली, तर अमेरिकी आयआयसी (इम्पॅक्ट इन्सुलेशन क्लास) पद्धतीत जितका जास्त तितकी चांगली. शिवाय तो आकडा नुसत्या थराचा नसून चाचणीतल्या संपूर्ण रचनेचा असतो, तेव्हा स्लॅब किती जाडीचा होता आणि खाली फॉल्स सीलिंग होते का, हे विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

एवढी काळजी घेऊनही चूक झालीच. भिंतीलगत उभी लावलेली फोमची पट्टी फरशी बसवून सांधे भरल्यावर कापायची असते. आमच्याकडे ती आधीच कापली गेली आणि एका बाजूच्या फटीत सिमेंट उतरले. खालच्या काकूंनी त्याच भिंतीतून आवाज येत असल्याचे सांगितले, तेव्हा स्कर्टिंग काढून ते घट्ट झालेले सिमेंट कोरून काढावे लागले. नंतर फट लवचिक सीलंटने भरली आणि स्कर्टिंग फरशीपासून किंचित वर उचलून बसवले.

आता खुर्ची सरकल्याचे त्यांना कळतही नाही. मुलगा पलंगावरून उडी मारतो तो धप्प आवाज मात्र अजून खाली पोहोचतो, कारण इतक्या खोल, कमी वारंवारितेच्या आवाजापुढे काही मिलिमीटरांचा थर अपुरा पडतो. त्यासाठी पलंगाशेजारी जाड गादी टाकली आहे.