तुम्ही विचारलंत म्हणून: ‘मसाया’ ऐकायचा तर कुणाचा?

‘हँडेलचा मसाया एकदा नीट ऐकायचाय, पण शोधायला गेलं की ढीगभर रेकॉर्डिंग्ज निघतात. कुठलं लावू?’ नाताळ जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. दर वेळी फोनवर तुटक काहीतरी सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. घाईत असाल तर उत्तर आधीच घ्या: वाद्यवृंद-संचालक ख्रिस्तोफर हॉगवुडचं, 1980 साली आलेलं. अकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिकचा वाद्यवृंद आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॅथीड्रलचा कॉयर, म्हणजे समूहगायकांचा ताफा. पुढचं सगळं ‘हेच का?’ असं विचारणाऱ्यांसाठी.

आधी थोडी ओळख. हँडेल हा अठराव्या शतकातला, लंडनमध्ये राहिलेला जर्मन संगीतकार, आणि ‘मसाया’ म्हणजे ‘मसीहा’ हा त्याचा ऑराटोरिओ. ऑराटोरिओ म्हणजे धार्मिक विषयावरचा गायनाचा दीर्घ प्रयोग. एकल गायक, कॉयर, वाद्यवृंद सगळं असतं. वेशभूषा, नेपथ्य, अभिनय नसतो. ‘मसाया’त तर पात्रंही नाहीत. चार्ल्स जेनन्स नावाच्या श्रीमंत, विद्वान आणि बऱ्यापैकी तिरसट गृहस्थाने बायबलमधली वचनं निवडून त्यांची माळ ओवली, आणि हँडेलने 22 ऑगस्ट ते 14 सप्टेंबर 1741 एवढ्या दिवसांत लंडनच्या ब्रूक स्ट्रीटवरच्या घरात बसून तिला संगीत दिलं. जेनन्सला वाटलं, गड्याने घाई केली. ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचं नुसतं वाद्यसंगीत, तर त्याला शेवटपर्यंत पसंत पडलं नाही. येशूची गोष्ट इथे सरळ सांगितलेली नाही. जुन्या करारातली भाकितं, मग दुःखभोग, मग पुनरुत्थानाची आशा, असे तीन भाग आहेत. इंग्रजी गाण्यातले शब्द कळत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांना माझा एक सल्ला असतो. मराठी बायबल जवळ घ्या आणि यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे 9, 40 आणि 53 हे अध्याय आधी वाचून काढा. पहिल्या दोन भागांतलं बरंच काही तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. ‘अस्सल मसाया कुठला?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण खुद्द हँडेलनेच एकच एक ठेवला नाही. पहिला प्रयोग 13 एप्रिल 1742 ला डब्लिनमध्ये झाला. तोही धर्मादाय: कर्जापायी तुरुंगात पडलेले लोक आणि शहरातली दोन रुग्णालयं यांच्या मदतीसाठी. गर्दी इतकी अपेक्षित होती की बायकांनी घेरदार झग्यांखालच्या कड्या आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावं, अशी विनंती छापली गेली. गायक तिथे मिळाले तसे. पुढे लंडनमध्ये गायक बदलले की हँडेल गाणी बदलायचा. 1750 मध्ये ग्वादान्यी हा कास्त्रातो (लहानपणी खच्ची करून उंच आवाज टिकवलेला गायक) हाती आला, तर त्याच्यासाठी ‘बट हू मे अबाइड’ हे गाणं नव्याने लिहिलं. फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या संस्थेसाठी तो दर वर्षी ‘मसाया’ करू लागला, आणि तिथल्या 1754 च्या प्रयोगाचा पगारपट सुदैवाने शिल्लक आहे. वाद्यवृंदात सुमारे 38 जण. गायनाला पाच एकल गायक आणि वीसेक जणांचा कॉयर. हॉगवुडचं रेकॉर्डिंग याच प्रयोगावर बेतलेलं आहे.

वीसेक जणांचा! आपल्या डोक्यातला ‘मसाया’ मात्र शेकडो तोंडांनी गर्जणारा असतो. हे हँडेल गेल्यानंतर घडलं. 1784 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्या स्मरणार्थ पाचशेहून जास्त कलाकार जमले. 1789 मध्ये व्हिएन्नात मोत्सार्टने नवी वाद्यं घालून दिली. मग लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारोंचे कॉयर उभे राहू लागले. (1888 मध्ये एडिसनच्या फोनोग्राफवर तिथला आवाज टिपला गेला. ते हँडेलच्याच दुसऱ्या ऑराटोरिओचं, ‘इझ्राएल इन इजिप्त’चं गायन होतं, आणि आज उरलेल्या सगळ्यात जुन्या संगीत-ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते. ऐकून बघा. लांब कुठेतरी समुद्र गाजतोय एवढंच कळतं, पण अंगावर काटा येतो.)

मोठ्या कॉयरला माझा विरोध शुद्धतेपायी नाही. या संगीताची घडणच वेगळी आहे. ‘मसाया’ लिहायला बसण्याच्या जेमतेम दीड-दोन महिने आधी हँडेलने काही इटालियन द्वंद्वगीतं रचली होती. दोन गळे आणि साथ, बस्स. त्यांतल्या एकाचा विषय प्रेमातल्या फसवणुकीचा. त्यांतलेच तुकडे उचलून त्याने ‘फॉर अंटू अस अ चाइल्ड इज बॉर्न’, ‘ऑल वी लाइक शीप’, ‘हिज योक इज ईझी’ हे कोरस, म्हणजे सगळ्या कॉयरने मिळून गायचे भाग, बांधले. म्हणजे दोन तरबेज गळ्यांसाठी लिहिलेल्या भरधाव ताना त्याने कॉयरच्या तोंडी घातल्या. त्या दोनशे जणांनी एकदम घेतल्या की काय होणार? गिचका.

‘ऑल वी लाइक शीप’ घ्या. आम्ही सगळे मेंढरांसारखे भरकटलो, हा यशयाचा विलाप. हँडेलने त्याला लावलीय चक्क खेळकर चाल. ‘भरकटलो’ म्हणताना एक आवाज इकडे पळतो, दुसरा तिकडे. ‘वळलो’ म्हणताना सूर जागच्या जागी गिरक्या घेतात. आपण चांगले डोलायला लागतो. आणि अगदी शेवटी अचानक लय संथ होते, मेजरचं मायनर होतं, म्हणजे उजळ स्वरांची जागा उदास स्वर घेतात, आणि तोच कॉयर जड पावलांनी सांगतो की या सगळ्यांचं पाप त्या एकट्यावर लादलं गेलं. इतका वेळ आपण कशावर डोलत होतो, हे तिथे कळतं. हा फटका नीट बसायला आधीची पळापळ सुटी सुटी ऐकू यावी लागते. हॉगवुडकडे येते. कोरसमधल्या सोप्रानोच्या, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या, ओळी लहान मुलगे गातात, त्यांचा आवाज काचेसारखा आरपार. तंतुवाद्यांना आतड्याच्या तारा, पट्टी आजच्यापेक्षा साधारण अर्ध्या स्वराने खाली, आणि स्वर उगाच थरथरवत ठेवण्याची सवय नाही.

हे एकाएकी झालं नाही. 1966 च्या सुमारास चार्ल्स मॅकेरस आणि कॉलिन डेव्हिस या दोघा संचालकांनी आधुनिक वाद्यांवरच, पण कॉयर आटोपशीर ठेवून आणि लय वाढवून रेकॉर्डिंग्ज केली, आणि लोकांचे कान पहिल्यांदा धुतले गेले. मॅकेरसचं मी आजही सुचवतो, ते एका गाण्यासाठी: जॅनेट बेकरचं ‘ही वॉज डिस्पाइज्ड’. तो तुच्छ मानला गेला, टाकला गेला. सुरुवातीला एवढेच शब्द, आणि तेही सलग नाहीत. ती दोन शब्द म्हणून थांबते, व्हायोलिनं उसासा टाकतात, मग पुढचे दोन. काही ठिकाणी तर साथ पूर्ण गळून पडते आणि गळा एकटा उरतो. मधल्या भागात तंतुवाद्यं चाबकाचे फटके ओढतात, आणि मग पहिला भाग पुन्हा येतो. जुन्या कित्येक रेकॉर्डिंग्जमध्ये हा मधला भाग वेळ वाचवायला गाळलेला असायचा. मला हे अक्षम्य वाटतं. पहिला भाग परत येतो तेव्हा गायिकेने त्यात स्वतःच्या जागा घ्यायच्या असतात, नाट्यपदाला वन्स मोअर मिळाल्यावर कसलेला नट तेच पद दुसऱ्या वळणाने गातो तसं. फटके ऐकलेच नाहीत तर दुसऱ्यांदा वेगळं काय गाणार?

हॉगवुडमध्ये उणं काय? थोडा थंड आहे. नाक वर करून गातात की काय, असं क्वचित वाटतं. त्यात एकल गाणाऱ्या एमा कर्कबीचा आवाज निर्मळ आहे, पण भरदार आवाजाची सवय असलेल्यांना तो आधी पातळ वाटेल. दोन-चार दिवस द्या. तरीही नाहीच जमलं तर ट्रेव्हर पिनॉकचं 1988 चं लावा. जुनी वाद्यं, चपळाई तीच, आणि शिवाय थाट. त्यातलं जॉन टॉमलिन्सनचं ‘द ट्रम्पेट शॅल साउंड’ आजूबाजूच्या घरांत कळवून लावावं असं आहे. उलट, आणखी लहान हवं असेल तर जॉन बटने डनेडिन कॉन्सॉर्टबरोबर केलेलं 2006 चं रेकॉर्डिंग. डब्लिनच्या 1742 च्या प्रयोगावर बेतलेलं, गाणारे फक्त डझनभर, आणि एकल गायकच कोरसमध्येही गातात. मी स्वतः आताशा हेच जास्त लावतो. नवख्याला मात्र आधी देत नाही, कारण ‘हालेलुया’ या सगळ्यात प्रसिद्ध कोरसला लोकांना थोडी तरी गर्दी हवी असते.

ऐकण्याची एक व्यवहाराची गोष्ट. फोनवर लावणार असाल तर शफल बंद करा, आणि दोन ट्रॅकच्या मध्ये खंड पडणार नाही अशी सेटिंग करा. टेनरचं, म्हणजे उंच पुरुषी आवाजाच्या गायकाचं, ‘कम्फर्ट ये’ संपतं आणि लगेच ‘एव्हरी व्हॅली’ सुरू होतं; मध्ये जाहिरात आली तर सगळंच मुसळ केरात. त्या ‘एव्हरी व्हॅली’त शब्द आणि सूर एकमेकांना कसे चिकटलेत ते पाहा. दरी उंच होईल म्हणताना तान चढत जाते, वाकड्या वाटेला दोन सुरांत झोके बसतात, आणि सपाट मैदानावर सूर लांबच लांब पसरतो. पूर्ण कृती सव्वादोन-अडीच तासांची आहे. एका बैठकीत नाही झेपली तर भागांच्या सीमेवरच तोडा, अधेमधे नको.

‘हालेलुया’ला उभं राहायचं का, असंही विचारतात. दुसऱ्या जॉर्ज राजाने उठून मान दिला ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्या वेळचा लेखी पुरावा नाही. पहिला उल्लेख सापडतो तो 1780 मधल्या पत्रात. घरी ऐकताना तर बसूनच राहा. तो कोरस दुसऱ्या भागाच्या शेवटी येतो, त्याचा नाताळच्या गोठ्याशी संबंध नाही, आणि त्यानंतर अख्खा तिसरा भाग बाकी असतो. तिथे बंद करणाऱ्यांचं ‘आय नो दॅट माय रिडीमर लिव्हेथ’ हुकतं.

राहता राहिला टॉमस बीचम, 1959. यूजीन गूसन्सने वाद्यवृंद फुगवून दिलाय, झांजा आहेत, ट्रँगल आहे. शास्त्रापुढे टिकणार नाही, पण मजा प्रचंड आहे आणि जॉन व्हिकर्स टेनर आहे. हॉगवुड तोंडपाठ झाला की लावा, त्याआधी नको. आधी लावलात तर बाकीचे सगळे उपाशी वाटतील, आणि मग पुन्हा मलाच फोन कराल.