कोरा कागद राखताना: रॅव्हिलियसच्या जलरंगांचा सराव, महिना चौथा

मंडळी, चौदावा कागद जमला. पूर्ण चित्र नाही, तळहाताएवढा टेकडीचा उतार आहे फक्त. पण त्यावर गवत आहे, गवताखालचा खडू जागोजागी उघडा पडलाय, आणि त्यासाठी मी पांढऱ्या रंगाच्या ट्यूबला हातही लावलेला नाही. पांढरं दिसतंय तो कागद आहे. चार महिने याच एका गोष्टीच्या मागे आहे, म्हणून आज सविस्तर लिहिते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. ज्याच्या चित्रांवरून मी सराव करतेय तो एरिक रॅव्हिलियस. जन्म १९०३, वाढला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ईस्टबोर्नमध्ये. पुढे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकला. तिथे चित्रकार पॉल नॅश शिकवायला होता आणि एडवर्ड बॉडन बरोबरीचा विद्यार्थी. क्रिकेटवेड्यांनी त्याचं काम नाव माहीत नसताना पाहिलेलं असतं. विस्डेन या क्रिकेटच्या वार्षिकाच्या पिवळ्या मुखपृष्ठावर उंच टोप्या घातलेले जुन्या काळचे क्रिकेटपटू आहेत ना, ते त्याने लाकडात कोरलेले, १९३८ च्या अंकापासून. वेजवुड कंपनीच्या चिनी मातीच्या भांड्यांवरही त्याची नक्षी आहे. माझा जीव मात्र त्याच्या जलरंगांत अडकलाय, त्यातही १९३४ ते १९३९ मधल्या ससेक्सच्या टेकड्यांत. तिथली जमीन खडूची आहे. वर वीतभर माती आणि गवत, खाली पांढराशुभ्र खडू. पायवाट पडली की पांढरी रेघ उमटते, नांगर फिरला की शेत फिकट होतं.

अडचण माझ्या हाताची होती. साताऱ्याला शाळेत असताना चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेसाठी सरांनी आमच्याकडून वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, घोटून घेतला होता. ब्रश भरलेला हवा, बोर्ड तिरका हवा, आणि ओघळ खाली पोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो सपाट वॉश आजही माझ्या हातात आहे आणि त्याबद्दल मी सरांची कायमची ऋणी आहे. पावसाळी आभाळ, घाटातलं धुकं, ओली भातखाचरं यांना तोच लागतो. पण खडूच्या टेकड्या कोरड्या. त्यांच्यावरचा उजेड पसरट, फिकट, आणि वारा सतत अंगावर. तिथे ओला वॉश टाकला की टेकडी चिखलात बसते.

जानेवारीत सुरुवात केली ती ‘ककमिअर हेवन’ या १९३९ च्या चित्रापासून. वळसे घेत समुद्राकडे निघालेली नदी, उंचावरून पाहिलेली. मी सवयीने आधी सगळीकडे फिकट हिरवा वॉश दिला, वाळल्यावर त्यावर रेघा ओढल्या. सतरंजी अंथरल्यासारखं दिसायला लागलं. तीन कागद असेच गेले. चौथ्यावर मास्किंग फ्लुइड (रंग लागू नये म्हणून कागदावर लावून नंतर सोलायचं द्रव) लावून पांढरं राखायचा प्रयत्न केला. त्याच्या कडा इतक्या धारदार निघाल्या की नदी कात्रीने कापून चिकटवल्यासारखी वाटली. शिवाय ते द्रव मी दोन रात्री तसंच ठेवलं होतं. सोलताना कागदाची सालही बरोबर आली. ज्यांना वापरायचं असेल त्यांनी रंग वाळला की त्याच दिवशी काढा.

मग ठरवलं, छापील प्रती पुरे झाल्या, मूळ चित्र पाहायचं. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनहून ईस्टबोर्नला थेट गाडी आहे. तिथल्या टाउनर गॅलरीत रॅव्हिलियसचा मोठा संग्रह आहे, आणि ‘ककमिअर हेवन’ तिथलंच. जलरंग उजेडाने उडतात, त्यामुळे कागदावरची चित्रं आलटूनपालटून मांडतात. जाण्याआधी काय लावलंय ते विचारून घ्यावं. मी एका टेकडीच्या चित्रासमोर जवळजवळ तासभर उभी होते. लांबून जो उतार मला फिकट हिरवा दिसत होता, तिथे जवळून तसा हिरवा सापडेचना. पिवळट मातकट रंगाची एक रेघ, तिच्या शेजारी राखाडी, त्यांच्यामध्ये गव्हाच्या दाण्याएवढी कोरी जागा, परत पिवळट. हिरवा माझ्या डोळ्यांत तयार होत होता. पेन्सिलच्या खुणाही लपवलेल्या नव्हत्या. परतीच्या गाडीत मी वहीत एकच गोष्ट लिहिली: रंगापेक्षा मोकळ्या जागा मोजायच्या.

इथे त्याच्या लाकूडकोरणीकडे वळावं लागतं, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथे आहे. आडव्या कापलेल्या कठीण लाकडाच्या ठोकळ्यावर हे कोरीव काम करतात. न कोरलेला भाग शाई घेतो, काळा छापला जातो. कोरणीचा प्रत्येक फटकारा कागदावर पांढरा उमटतो. म्हणजे कोरणारा माणूस अंधार गृहीत धरून उजेड काढत असतो. वर्षानुवर्षं असं काम केलेल्या माणसाने ब्रश हातात घेतला, की पांढरं ही त्याला उरलेली जागा वाटतच नाही. ती त्याने आखलेली असते. त्याच्या जलरंगांतल्या समांतर रेघा, जाळी, टिंबं ही सगळी कोरणीची भाषा आहे.

हे नुसतं पटून भागत नव्हतं, हाताला समजायला हवं होतं. म्हणून सात संध्याकाळी रंग बाजूला ठेवले. काळा कार्डपेपर आणि पांढरी पेन्सिल घेतली आणि तीच टेकडी फक्त उजेडाने काढली. जिथे ऊन आहे तिथे रेघ, सावलीत काहीच नाही. पहिल्या दोन दिवशी सवयीने सावलीच रेघाटत होते आणि टेकडी फोटोच्या निगेटिव्हसारखी उलटी दिसायची. पाचव्या दिवशी हात वळला. तुमच्यापैकी कुणी हा सराव करणार असाल तर हा भाग गाळू नका. माझ्या चार महिन्यांतला सगळ्यात उपयोगी आठवडा तोच.

आता साहित्याबद्दल, कारण दोघातिघांनी विचारलं होतं. या तुटक रेघा ओल्या वॉशने येत नाहीत, त्यांना सुका ब्रश लागतो. सुका ब्रश म्हणजे घट्ट रंग, असं मी आधी धरून चालले होते. पाचव्या ते आठव्या कागदावर त्यामुळे सगळं जाड आणि मळकट झालंय. रॅव्हिलियसचे रंग पारदर्शक, हलके आहेत. तेव्हा रंग वॉशसारखाच पातळ कालवायचा, ताकासारखा, आणि कोरडेपणा आणायचा तो ब्रशात. मी आठ नंबरचा गोल ब्रश रंगात बुडवते, मग डाव्या हातातल्या फडक्यावर त्याचं पोट टेकवून फिरवते. फडकं आईच्या जुन्या सुती साडीचं आहे. शेकडो धुण्यांनी इतकं मऊ झालंय की पाणी झटकन ओढून घेतं, टिश्यू पेपरासारखे तंतू सोडत नाही. केस किंचित विस्कटून दोन-तीन टोकं झाली की ब्रश तयार. रेघ ओढताना पहिला पाव इंच भरीव येतो, मग ती मध्येच विरते, आणि शेवटी कागदाच्या उंचवट्यांवर नुसते ठिपके राहतात. हे ठिपके राहण्यासाठी कागद महत्त्वाचा. गुळगुळीत हॉट प्रेसवर रेघ तुटतच नाही, खडबडीत रफवर फार तुटते. दोन्हींच्या मधला, ३०० जीएसएम जाडीचा कोल्ड प्रेस मला मानवला. रंग चारच: येलो ओकर, रॉ अंबर, कोबाल्ट ब्लू आणि पेन्स ग्रे. हिरवा डबीतून काढूनच ठेवलाय.

मार्चमध्ये पोलगेट स्टेशनला उतरून विल्मिंग्टनपर्यंत चालत गेले. तिथल्या डोंगरउतारावर माणसाची एक प्रचंड रेखाकृती आहे, सुमारे ७० मीटर उंच, दोन्ही हातांत एकेक लांब काठी. रॅव्हिलियसने १९३९ मध्ये हा राक्षस रंगवला, तारेच्या कुंपणामागून. ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याच्या काळी ही आकृती विटांनी आखलेली होती, आता रंगवलेले काँक्रीटचे ठोकळे आहेत. युद्धात शत्रूच्या विमानांना खूण सापडू नये म्हणून ती हिरवी रंगवून टाकली होती. त्याने चित्र काढलं त्यानंतर वर्षभरातच ती रेघ पुसली गेली, हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवलं. मला त्या चित्रातलं कुंपण नेहमी बोचतं. त्याच्या चित्रांना गोड, घरगुती इंग्लंड म्हणणारे लोक ती तार पाहतात की नाही कोण जाणे.

खाली गवतावर बसून वहीत रेखाटन केलं. आकृती उतारावर मुद्दाम लांबट आखलेली आहे, त्यामुळे खालून ती प्रमाणात दिसते. मी आधी डोकं मोठं काढलं, पाय आखूड झाले. पेन्सिल हातभर लांब धरून मोजलं तेव्हा नीट बसली. वाऱ्याने वॉशची कड दोनदा मध्येच वाळली, मग तो नाद सोडला आणि फडकं काढलं. बाहेर बसून पूर्ण केलेलं माझं हे पहिलं सुक्या ब्रशाचं काम. कागद क्रमांक अकरा. आकृतीची बाह्यरेषा मी काढलेलीच नाही. दोन्ही बाजूंच्या गवताच्या रेघा तिच्यापाशी थांबतात, एवढंच.

बाराव्या-तेराव्या कागदांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की ते एकमेकांना चिकटवलेत. त्याचं धैर्य ‘ट्रेन लँडस्केप’मुळे आलं. १९४० चं हे चित्र अॅबरडीनच्या आर्ट गॅलरीत आहे: तिसऱ्या वर्गाचा रिकामा डबा, दारावर ३ चा आकडा, खिडकीला चामड्याचा पट्टा, बैठकांच्या कापडावरची नक्षी टिपून टिपून भरलेली, आणि काचेपलीकडे वेस्टबरीचा पांढरा घोडा, म्हणजे तिथल्या डोंगरउतारावरची घोड्याची प्रचंड आकृती. हे चित्र अखंड नाही. रॅव्हिलियसची बायको टर्झा गारवुड, स्वतः फार ताकदीची लाकूडकोरणीकार, हिने मनासारख्या न उतरलेल्या दोन चित्रांचे भाग कापून जोडले. आधी खिडकीत विल्मिंग्टनचा राक्षस होता, तिथे घोडा आला. २०२४-२५ च्या हिवाळ्यात लंडनमधल्या डलिचच्या गॅलरीत टर्झाच्या कामाचं मोठं प्रदर्शन लागलं होतं, ते मी दोनदा पाहिलं. कागद हाताळण्याची तिची समज पाहिली की ही कात्री तिनेच चालवावी यात नवल वाटत नाही. मीही बाराव्याचं आभाळ आणि तेराव्याचा उतार कापून घरी शिजवलेल्या खळीने एकत्र केले. सांधा कुंपणाच्या खांबामागे लपवलाय. फाडून टाकणार होते ते दोन्ही कागद, आता भिंतीवर आहेत.

सध्या बोर्डवर ‘टी अॅट फर्लाँग्ज’ आहे. फर्लाँग्ज म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी असलेलं पेगी अँगस या चित्रकर्तीचं घर. रॅव्हिलियस १९३४ पासून तिथे येऊन राहायचा आणि टेकड्या रंगवायचा. घरासमोर टेबल, वर छत्री, चहा मांडलेला, मागे मोकळा मुलूख. माणूस एकही नाही. चित्र १९३९ चं आहे. त्याच वर्षाअखेरीस तो सरकारी युद्धचित्रकार झाला, जहाजांबरोबर नॉर्वेच्या किनाऱ्यापर्यंत गेला, आणि सप्टेंबर १९४२ मध्ये आइसलंडहून एका बेपत्ता विमानाच्या शोधात निघालेलं त्याचं विमान परत आलं नाही. वय ३९. टेबलावरच्या कपांची पेन्सिल करताना मी दर वेळी थांबते. बशीची कड काढायची म्हणजे तिच्या आत काहीच करायचं नाही, नुसती वाट सोडायची.

पेन्सिल पूर्ण झाली आहे. टेबलक्लॉथ कोरा ठेवून भोवतीचं गवत दोन थरांत भरलंय, पहिला ओकर, त्यावर तिरका ग्रे. छत्रीखालची सावली अजून अडलीय. पांढऱ्या कापडावर सावली पडते, म्हणजे तिथे काहीतरी लावावंच लागणार, पण कापडाचा पांढरेपणा जाता कामा नये. कोबाल्टमध्ये चिमूटभर अंबर घालून विरळ जाळी करून बघते उद्या, आधी चौदाव्या कागदाच्या मागच्या बाजूवर. कुणी पांढऱ्या कापडावरची सावली सुक्या ब्रशाने केली असेल तर रेघ कापडाच्या वळीबरोबर घेतली की आडवी, ते नक्की कळवा.