छोट्या कॅमेऱ्याच्या लेन्सची परीक्षा : माझा अनुभव

नवा कॉम्पॅक्ट कॅमेरा घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी काढलेल्या एका समूहचित्रात उजवीकडे खाली बसलेल्या मुलीचा चेहरा बाकीच्यांपेक्षा धूसर दिसला. ती हलली असेल, असे म्हणून मी विषय सोडणार होतो. परंतु पुढच्या तीनचार चित्रांतही तोच कोपरा तसाच आला. कॅमेरा परत करण्याच्या मुदतीतले आठ दिवस शिल्लक होते. एवढ्या वेळात हा दोष लेन्सचा की माझ्या हाताचा, याचा पुराव्यासह निकाल लावायचा, असे मी ठरवले.

कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, ‘एक इंची’ म्हणवला जातो. हे नाव फसवे आहे, कारण त्याची कोणतीही बाजू एक इंच नसते. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील नळ्यांच्या बाह्य व्यासावरून आलेली ही मापे तशीच चालू राहिली आहेत. प्रत्यक्षात हा सेन्सर 13.2 × 8.8 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 116 चौरस मिलिमीटरचा असतो. मोठ्या कॅमेऱ्यांतील 36 × 24 मिलिमीटरच्या, ‘फुल-फ्रेम’ म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचे क्षेत्रफळ 864 चौरस मिलिमीटर भरते. माझ्या कॅमेऱ्यात या इवल्याशा जागेत 5472 × 3648 पिक्सेल आहेत, त्यामुळे एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम 2.4 मायक्रॉन रुंदी येते. पुढे आलेल्या बहुतेक प्रश्नांचे मूळ या एका आकड्यात होते.

परीक्षेसाठी एक सपाट भिंत निवडली आणि तिच्यावर वर्तमानपत्राची पाने चिकटवली. झूमच्या रुंद टोकाला लेन्सचा दृश्यकोन 24 मिलिमीटर समतुल्य, म्हणजे फुल-फ्रेम कॅमेऱ्यावरच्या 24 मिलिमीटर लेन्सइतका असल्यामुळे, कॅमेरा दीड मीटरवर ठेवला की चौकटीत सव्वादोन मीटर रुंद आणि दीड मीटर उंच भिंत येते. एवढा मोठा छापील तक्ता मिळवणे अवघड असते. वर्तमानपत्राची बारीक अक्षरे मात्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सारखीच असतात आणि तुलना करण्यासाठी तेवढे पुरते. दोन दिवे भिंतीशी साधारण 45 अंशांचा कोन करून दोन्ही बाजूंना ठेवले. कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून प्रतिमा-स्थिरीकरण बंद केले आणि बटण दाबताना बसणारा धक्का टळावा म्हणून दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावला. प्रत्येक सेटिंगवर पाच चित्रे काढली, दर चित्रापूर्वी फोकस मुद्दाम बिघडवून पुन्हा जुळवला आणि पाचांपैकी सर्वांत स्पष्ट आलेले चित्रच तुलनेसाठी ठेवले. ऑटोफोकस दर वेळी नेमक्या त्याच जागी थांबत नाही, हे या पाच-पाच चित्रांवरून लगेच कळले. एकेकच चित्र काढले असते, तर फोकसची चूक मी लेन्सच्या माथी मारली असती.

पहिल्या संध्याकाळचे निकाल पाहून मी गोंधळलो. रुंद टोकाला उजवा खालचा कोपरा धूसर होताच, पण 70 मिलिमीटर समतुल्य झूमवर डावी कडाही मऊ आली होती. शिवाय काही चित्रांत आडवे फिकट पट्टे उमटले होते. पट्ट्यांचे कारण सोपे निघाले. 50 हर्ट्झच्या विद्युतपुरवठ्यावर अनेक एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचत असल्याने वेगळ्या ओळींना वेगळा प्रकाश मिळतो. शटर 1/50 सेकंदावर नेल्यावर पट्टे नाहीसे झाले.

डाव्या कडेचा उलगडा आरशाने केला. कॅमेरा भिंतीला समांतर आहे की नाही, हे नजरेने ठरवता येत नाही. म्हणून एक छोटा सपाट आरसा चौकटीच्या मध्यभागी भिंतीला घट्ट टेकवून धरला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर लेन्सचे प्रतिबिंब बरोबर केंद्रात येईपर्यंत ट्रायपॉड सरकवत राहिलो. आदल्या दिवशी माझा कॅमेरा काही अंशांनी तिरका होता, हे तेव्हा दिसले. रुंद टोकाला एवढ्या तिरकेपणाने फारसे बिघडत नाही, कारण तिथे खरी केंद्रांतर लांबी जेमतेम 9 मिलिमीटर असल्याने फोकसची खोली, म्हणजे पुढेमागे जेवढ्या अंतरात सारे स्पष्ट दिसते ती, मोठी असते. लांब टोकाला मात्र ती काही सेंटिमीटरांवर येते आणि भिंतीची एक बाजू तिच्याबाहेर जाते. आरशाने कॅमेरा सरळ केल्यावर डावी कडा स्वच्छ आली. उजवा खालचा कोपरा तसाच राहिला.

त्यानंतर मी जी चाचणी केली, ती या साऱ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची होती, आणि तिला काहीही खर्च येत नाही. पुस्तकांच्या थप्पीवर कॅमेरा उलटा ठेवून तीच भिंत पुन्हा टिपली. संगणकाने चित्र आपोआप फिरवलेले नाही याची खात्री करून पाहिले, तेव्हा अक्षरे उलटी होती, पण धूसरपणा चौकटीच्या त्याच, उजव्या खालच्या कोपऱ्यात होता. भिंतीत, पानांत किंवा दिव्यांत दोष असता, तर कॅमेरा उलटा केल्यावर तो समोरच्या कोपऱ्यात गेला असता. मग फोकस मुद्दाम त्या कोपऱ्यावर घेतला. तो कोपरा लख्ख झाला आणि डावा वरचा कोपरा धूसर झाला. लेन्समधील एखादा काचघटक किंचित कललेला असल्याशिवाय असे होत नाही.

आता प्रश्न असा होता की, अॅपर्चर, म्हणजे लेन्समधील प्रकाश आत सोडणारे छिद्र, लहान करून हा दोष झाकता येईल का. एफ-अंक जितका मोठा, तितके हे छिद्र लहान. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ/8 हा त्यावरचा हुकमी उपाय असतो, त्यामुळे माझी आशाही त्याच्यावर होती. परंतु प्रकाश लहान छिद्रातून जाताना पसरतो. या विवर्तनामुळे एका बिंदूची सेन्सरवर चकती होते आणि तिचा व्यास प्रकाशाची तरंगलांबी, एफ-अंक व 2.44 यांच्या गुणाकाराइतका असतो. हिरव्या प्रकाशासाठी हा व्यास एफ/4 ला सुमारे 5.4 मायक्रॉन येतो आणि एफ/8 ला 10.7 मायक्रॉन. माझ्या पिक्सेलच्या मापाने पाहिले, तर एफ/4 ला चकती सव्वादोन पिक्सेल व्यापते आणि एफ/8 ला जवळजवळ साडेचार. चित्रांतही तेच दिसले. एफ/4 ला तो कोपरा बराच सुधारला. एफ/8 ला चारही कोपरे एकसारखे झाले खरे, पण मधली अक्षरेही त्यांच्याइतकीच मऊ झाली होती. असली समानता घेऊन काय करायचे?

विक्रेत्याकडून पहिले उत्तर आले की चित्रे सर्वसाधारण आहेत. मी सरळ आणि उलट्या स्थितीतील कोपऱ्यांचे तुकडे शेजारीशेजारी ठेवून, काय केले ते चार ओळींत लिहून पुन्हा पाठवले. त्यानंतर कॅमेरा बदलून मिळाला.

दुसऱ्या नगाची तीच परीक्षा घेतली. त्याचे चारही कोपरे एफ/2 ला थोडे मऊ आहेत, पण सारख्याच प्रमाणात. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ चित्र, ‘रॉथेरपी’ या संगणकावरील प्रोग्राममध्ये उघडून लेन्स-दुरुस्ती बंद केली, तेव्हा त्याचेही एक कारण दिसले. रुंद टोकाला मूळ चित्र पिंपासारखे फुगीर असते. कॅमेरा जेपेग, म्हणजे प्रक्रिया केलेले तयार चित्र, बनवताना कोपरे ताणून ते सरळ करतो, आणि ताणलेल्या भागात नवा तपशील येणार तरी कुठून? हा आराखड्यातला तडजोडीचा भाग आहे आणि तो मला मान्य आहे.

नॉईजची, म्हणजे कमी प्रकाशात चित्रावर उमटणाऱ्या दाण्यांची, परीक्षा घेताना वर्तमानपत्राचा उपयोग होत नाही, उलट दिशाभूल होते. काळ्यापांढऱ्या अक्षरांच्या ठसठशीत कडा नॉईज कमी करणारी प्रक्रिया जपून ठेवते आणि तिचा घाला पडतो तो फिक्या, गुंतागुंतीच्या पोतावर. म्हणून भिंतीवर एक राखाडी लोकरी मफलर टांगला. प्रकाश सोळापट कमी झाला की त्यातील यादृच्छिक चढउतार सिग्नलच्या तुलनेत चौपट होतो, म्हणून आयएसओ (कमी प्रकाशात वाढवावी लागणारी संवेदनशीलतेची पातळी) 100 नंतर थेट 1600 पाहिले आणि मग 3200. 1600 च्या जेपेगमध्ये अक्षरे अजून वाचता येत होती, पण लोकरीचे तंतू एकमेकांत मिसळले होते. त्याच क्षणाच्या रॉ फाइलमध्ये दाणे दिसत होते आणि दाण्यांमधून तंतूही दिसत होते. 3200 च्या जेपेगमध्ये मफलर नमद्यासारखा सपाट झाला. जेपेगमधील नॉईज-नियंत्रण आणि शार्पनिंग (कडा कृत्रिमपणे ठळक करणे) दोन्ही किमान पातळीवर आणल्यावर फरक बराच कमी झाला; त्याआधी अक्षरांभोवती दिसणारी पांढरी किनार शार्पनिंगची होती आणि पहिल्या दिवशी मी तिलाच लेन्सची धार समजलो होतो.

शेवटी चित्रे कागदावर छापून पाहिली, कारण पडद्यावर शंभर टक्के मोठे करून पाहण्याची सवय लागली की प्रमाण सुटते. ए4 कागदावर 5472 पिक्सेल पसरले की इंचाला 460 पेक्षा जास्त पिक्सेल येतात, म्हणजे नेहमीच्या 300 पेक्षा कितीतरी अधिक. त्या आकारात दुसऱ्या नगाचे एफ/2 चे कोपरे आणि एफ/4 चे कोपरे वेगळे ओळखायला मला भिंगच घ्यावे लागले, परंतु 3200 चा सपाट मफलर हातभर अंतरावरूनही ओळखू आला. त्यामुळे ऑटो आयएसओची वरची मर्यादा मी 1600 वर बांधली आहे आणि प्रकाश कमी असेल, तेव्हा कोपऱ्यांची चिंता न करता एफ/2 वर जातो.